भिंगांना ऊन देणाऱ्या काकी

बँकेच्या नोकरीमुळे रत्नागिरीत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, तिथल्या गच्चीत उन्हाळ्यात आमसुलं वाळत, फणसाचे पापड वाळत, आणि या दोघांच्या मधे स्वच्छ धुतलेल्या पंच्यावर कॅमेऱ्याची भिंगं वाळत असत. पहिल्या दिवशी मला त्या पालथ्या घातलेल्या वाट्या वाटल्या. एक उचलून बघावी म्हणून वाकले, तर जिन्यातून आवाज आला, "हात नको लावू गो! कालच पुसलीत ती." त्या आमच्या घरमालकीण. मी त्यांना काकी म्हणे, सगळी आळीच म्हणे.

काकी तेव्हा पासष्टीच्या पुढच्या. उंचीला बेताच्या, चालायला चटपटीत, नाकावर घसरलेला चष्मा आणि त्याच्यावरून बघायची सवय. काका जन्मभर जहाजावर होते; मी राहायला गेले तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना फोटोंची हौस. बंदराबंदरातून त्यांनी भिंगं जमवलेली, जपानी, रशियन, जर्मन. त्यांचा फिल्मचा कॅमेरा खाऱ्या हवेने कधीच गंजून गेला, भिंगं मात्र पत्र्याच्या ट्रंकेत शाबूत राहिली. शाबूत राहिली म्हणजे काकींनी ठेवली. कोकणच्या दमट हवेत काचेलाही बुरशी धरते, हे साताऱ्याकडून आलेल्या मला तिथे गेल्यावर कळलं. लोक त्यासाठी विजेवर चालणारी कपाटं घेतात. काकींचं शास्त्र सोपं होतं. "लोणच्याला ऊन लागतं, गादीला लागतं, मग भिंगालाच तेवढं नको?"

या शास्त्रापायी माझी एक साडी गेली. नवीन, फिकट पोपटी, बँकेत एकदाच नेसलेली. मी ती गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकली होती आणि काकींनी शेजारीच एक जाडजूड भिंग आडवं ठेवलं होतं, दोन्ही बाजूंची झाकणं काढून, म्हणजे आत सगळीकडे ऊन पोचावं. दुपार कलली, ऊन भिंगातून आरपार गेलं आणि साडीला बोट जाईल एवढं भोक पडलं. मी संतापाने खाली गेले. काकी वर आल्या, चष्म्यावरून भोक बघितलं, त्यात करंगळी घालून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ! काच कशी लख्ख झालीय! बुरशी असती तर एवढं जळलं असतं काय?" आता या बाईशी भांडणार कसं? संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कपाटातली एक चांगली साडी मला आणून दिली, पण दिलगिरी म्हणून नाही. त्या दिवशी त्यांचा आनंदच आवरत नव्हता.

प्रत्येक भिंगाला त्यांच्याकडे नातं होतं. नेहमीच्या वापरातलं ते थोरला. जवळून खूप काही मावणारं ते धाकटा. आणि लांबचं ओढून आणणारं, वजनदार जर्मन भिंग, ते जावई. "त्याला सणावारी काढायचा, दोन्ही हातांनी धरायचा, आणि तरी कधी रुसंल त्याचा भरोसा नाय." काकींना जावई नव्हताच, एकुलता एक मुलगा होता, पुण्याला. त्यामुळे या टीकेने कोणाचं मन दुखायचा प्रश्न नव्हता.

कॅमेरा मुलाचा. त्याने परदेशवारीसाठी हौसेने घेतलेला, तळहातावर मावेल एवढा, मिररलेस. एका वारीनंतर तो कॅमेरा गणपतीत रत्नागिरीला आला आणि इथेच राहिला. मुलगा म्हणाला होता, बाबांची भिंगं याला बसणार नाहीत. काकींनी ते मान्य केलं नाही. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत आरसा असतो, यात नाही. म्हणजे आरशाची जागा मोकळी. आणि जागा मोकळी असेल तर मधे काहीतरी घालून भिंग बसवता आलंच पाहिजे, असा त्यांचा हिशोब. तो अगदी बरोबर निघाला. मधे घालायचं ते काहीतरी म्हणजे अडॅप्टर, धातूचं एक कडं. काकी त्याला बांगडी म्हणत. मी माझ्या फोनवरून ती मागवली. पहिली आली ती भलत्याच मापाची. काकींनी ती फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "ही दुसऱ्या कोणाच्या सासरची."

बरोबर बांगडी आली, थोरला ऐटीत बसला, आणि कॅमेऱ्याने बटण दाबू द्यायला साफ नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य, की भिंग लावलेलं नाही. काकी खवळल्या. "एवढा थोरला समोर बसवलाय आणि हा म्हणतो भिंगच नाय! ओळख दाखवायला तयार नाय बघ मेला!" बाजारातल्या दुकानदाराने कॅमेरा बिघडला म्हणून सांगितलं. काकींनी त्याचंही ऐकलं नाही. घरी येऊन त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर उघडणाऱ्या मेनूच्या सगळ्या पाट्या एकेक करून वाचून काढल्या, अडलेला शब्द मला विचारत. शेवटी एका कोपऱ्यात ती सोय सापडली, भिंग नसलं तरी फोटो काढू दे अशी. तीवर बोट ठेवताच कॅमेरा खटकन वाजला. पहिला फोटो माझ्या कोपराचा आला, तोही हललेला. पण काकी त्या दिवशी गूळ-खोबरं वाटत फिरल्या.

या जुन्या भिंगांना आपोआप काही जमत नाही. कडं हाताने फिरवून नजर लावावी लागते. बरोबर लागली की पडद्यावर त्या वस्तूच्या कडांना लाल रेघ उमटते. काकी तिला कुंकू म्हणत. बारीक डोळे करून कडं फिरवत राहायच्या आणि मग एकदम, "लागलं गो कुंकू!" हे त्या एसटीत, बाजारात, देवळात कुठेही मोठ्याने म्हणत. विधवा बाईने असं काय बोलावं, म्हणून शेजारच्या एक बाई कुरकुरल्या होत्या. काकींनी त्यांचाच फोटो काढला, खिडकीशी तांदूळ निवडतानाचा, आणि मोठा करून दिला. तो त्यांच्या ओटीवर अजून आहे म्हणतात.

एवढी खटपट कशाला, असं मी एकदा विचारलं. आजकाल फोनच एवढे चांगले फोटो काढतात. काकी थोरल्याला पदराने पुसत होत्या. म्हणाल्या, "ह्यांनी ह्याच भिंगातून कुठली कुठली बंदरं बघितलान. मी घरात. पोराला मोठं करायचं, सासूचं बघायचं, आंब्याचं बघायचं. फोटो यायचे पाकिटातून. आता हे भिंग माझ्याकडे हाय. जगभर फिरलं, पण आपला तालुका नाय बघितलान त्यानं. तो मी दाखवते त्याला." हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मी मात्र चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

तर काकी भिंगांना प्रवासाला नेत. नियम एकच, एका फेरीला एक भिंग. दोन नेली की दोघांची आबाळ होते. कॅमेरा बाळाच्या लोकरीच्या टोपऱ्यात घालून, ते टोपरं भाजीच्या पिशवीत ठेवून त्या एसटीत चढत. लांजा, राजापूर, देवरूख, जिकडची गाडी लागली असेल तिकडे. वाटेत कोणाच्या अंगणात उतरायच्या, काजू फोडणाऱ्या बायकांत बसायच्या, होडीला डांबर लावणाऱ्यांशी गप्पा मारायच्या. आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो कागदावर छापून, स्वतः नेऊन दिल्याशिवाय त्यांच्या लेखी ती फेरी पुरी होत नसे. पोस्टाने नाही, फोनवर तर नाहीच. म्हणजे प्रत्येक गावाला दोनदा जाणं आलं. दुसऱ्या खेपेला तिथे आणखी कोणाचा तरी फोटो निघायचा, म्हणजे तिसरी खेप आली. ही भानगड संपणारी नव्हती आणि ती संपावी असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मग पोफळीचं प्रकरण झालं. घाटात ढग खाली उतरलेले बघायला म्हणून काकी धाकट्याला घेऊन घाटाखालच्या पोफळी गावाला गेल्या. ढग उतरले ते सावकाश, परतीची गाडी गेली ती वेळेवर. फोनची बॅटरी संपलेली. काकी निवांतपणे तिथल्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीतल्या एका बाईकडे राहिल्या, जिची ओळख त्याच सकाळी गाडीत झाली होती. इकडे मुलाने पुण्याहून मला इतके फोन केले की माझाही फोन तापला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी उतरल्या, हातात टोपरं आणि काखेत त्या बाईने दिलेला फणस. "काय गो, तोंड का असं?" हे वर मलाच.

मुलाला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. वाईट माणूस नव्हता तो. आईच्या काळजीने खरोखर पोखरलेला होता. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन आला, आणि गाडीच्या मागे घडी घातलेली पुठ्ठ्याची खोकी होती. घर बंद करायचं, मला दुसरी जागा बघायला सांगायचं, आईला पुण्याला न्यायचं, असं तो ठरवूनच आला होता. "आई, तू एकटी पडतेस कुठे, तर मला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "तिकडे सगळं आहे. फोटो काढायचे तर बागेत काढ, फोनने काढ. पण हे एकटीने एसटीतून फिरणं आता बस."

काकींनी थोरला उचलला आणि पदराने पुसला. मग त्या म्हणाल्या, "उद्या आपल्या मूळ गावची पालखी हाय, लांज्याकडं. तू चल माझ्याबरोबर. एसटीनं. मी पालखीचा एक फोटो काढून दाखवते. चांगला नाय आला तर तू म्हणशील तसं. खोकी मीच भरीन."

मुलगा तयार झाला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही साक्षीदार." मी हो म्हटलं, पण रात्री झोप कसली लागतेय. नाचत्या पालखीचा, गुलालाच्या धुरळ्यात, हाताने नजर लावायच्या भिंगातून फोटो! चांगले महागडे कॅमेरेसुद्धा तिथे गोंधळतात. आणि काकींनी पैज लावली ती नेमकी यावर.

सकाळच्या गाडीत चढतानाच कंडक्टर म्हणाला, "काकी, आज कुठला? थोरला की धाकटा?" मुलाने चमकून बघितलं. लांज्याला उतरलो तर चहावाल्याने न विचारता काकींच्या हातात कमी साखरेचा चहा दिला. तिथून रिक्षाने गावाकडे निघालो, तर वाटेत दोन ठिकाणी रिक्षा थांबवून बायकांनी काकींना हाका मारल्या. एकीने पिशवीत ओल्या काजूचे गर कोंबले. मुलगा हाक येईल तिकडे मान वळवून बघत होता.

गावावरच्या सड्यावर, म्हणजे त्या उघड्या जांभ्याच्या माळावर, दोन गावांच्या पालख्या भेटायच्या होत्या. दोघी देवी बहिणी, वर्षातून एकदा भेटणाऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा गर्दी जमायची होती. काकींनी पायांनी चाचपडत एक जागा ठरवली, मला तिथे उभं केलं आणि स्वतः मागे जाऊन एका दगडावर टेकल्या. "हालू नको. तुझं नाक धारदार हाय, बरं पडतं." माझ्या नाकावर त्यांनी कुंकू लावून घेतलं आणि मग थोरल्याच्या कड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. आता ते फिरणार नाही. जे काही माझ्या जागेवर येईल ते स्पष्ट दिसेल, बाकीचं नाही. "आपण पालखीमागं धावायचं नाय," त्या मुलाला म्हणाल्या. "जागा धरायची नि बसायचं. ती येते."

दुपारी ढोल वाजू लागले. सड्यावर मुंगी शिरायला जागा उरली नाही. पोरं कॅमेरे आणि फोन उंच धरून पालखीपुढे उलट्या पावलांनी धावत होती. मुलगाही फोन काढून त्यांच्यात घुसला. आणि आमच्या दुर्दैवाने पालखी काकींच्या जागेवर आलीच नाही. भोयांनी ती खांद्यांवर झेलत, नाचवत, पार दुसऱ्या टोकाला नेली. दुसरी पालखी तिकडूनच वर आली. एकदम गुलाल उडाला, आरोळी उठली. भेट झाली होती, तीही आमच्याकडे पाठ करून.

"काकी, चला ना तिकडे!" मी जवळजवळ रडत म्हटलं. "अहो, अजून दिसेल काहीतरी!"

"तू जा. मी जागा धरलीय."

मला त्यांचा इतका राग आला! हट्टालाही काही सुमार असतो. या दगडावर बसून बाई आपलं घर घालवतेय, माझं घर घालवतेय, आणि वर पिशवीतले काजूगर खातेय. मुलगाही कुठे दिसेना. मी टाचा उंच करून शोधत होते.

तेवढ्यात गर्दी फुटली. पालखी माघारी वळली होती आणि सरळ आमच्याकडे येत होती. पुढच्या दांड्याखाली, गुलालाने नखशिखांत माखलेला, चष्मा गायब, एका पायात बूट, असा एक माणूस होता. मला ओळखायला वेळ लागला. तो काकींचा मुलगा. मागाहून कळलं ते असं, की फोन धरून धावताना एका म्हाताऱ्या मानकऱ्याने त्याला दंडाला धरून थांबवलं. "तू अमक्याचा ना रे? बापूस तुझा बोटीवरून सुट्टी काढून खांदा द्यायला यायचा. आणि तू फोटो काढतंस? चल, लाव खांदा!" आणि लावलाच त्याच्या खांद्याला दांडा. त्यांच्या घराण्याचा तो मान होता. काका गेल्यापासून तो रिकामाच होता.

तो आयुष्यात पहिल्यांदा पालखी नाचवत होता. पाय चुकत होते, शेजारचा भोई त्याला कंबरेने ढकलून ताल धरायला लावत होता, आणि तो हसत होता, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी वाहत. मी सकाळी ज्या जागी नाक पुढे करून उभी राहिले होते, नेमक्या त्या जागी पालखीने एक गिरकी घेतली. गर्दीतल्या कोणीतरी ओरडलं, "फोटोकाकींच्या म्होरनं सरा रे!" आणि माणसं खरोखर सरली. काकी उठल्यासुद्धा नाहीत. कॅमेरा खटकन वाजला. एकदाच.

पुढे काजूच्या झाडाखाली सावलीत बसलो. भर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून काकींनी कॅमेऱ्यावर पदर धरला आणि मुलाला म्हणाल्या, "बघ." आम्ही दोघांनी डोकी आत घातली. पाठीमागे सगळा गुलालाचा ढग, त्यात पुसट झालेली माणसं, पालखीचं अर्धं तोरण, आणि मधोमध तो. पापणीवरचा गुलालाचा कण दिसत होता. घामाची रेघ दिसत होती. मी त्या भिंगाचे खूप फोटो पाहिले होते, पण असा नव्हता पाहिला. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच. आसपासच्या बायका धावत आल्या.

चष्मा नव्हता, म्हणून मुलाने कॅमेरा पार नाकाशी ओढला. मग म्हणाला, "आई, मी बाबांसारखा दिसतोय."

"बाबांसारखा नाय," काकी म्हणाल्या. "तुझंच तोंड हाय ते. एवढा खुशीत तू स्वतःला कधी बघितलं नव्हतंस."

त्याने डोळे पुसले, म्हणजे गुलाल आणखी पसरवला. कोणीतरी त्याचा दुसरा बूट आणून दिला. चष्मा एका पोराच्या नाकावर सापडला. ज्या घरी आम्हाला जेवायला नेलं, तिथे भिंतीवर काकींनी काढलेला त्या घरच्या आजोबांचा फोटो होता. त्याच्या शेजारच्या घरीही एक होता, पुढच्या घरीही. मुलगा हात धुवायच्या निमित्ताने उठला आणि आळीतल्या ओट्याओट्यांवर डोकावत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "एकटी कुठे आहे ही." हे तो मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याने ती खोकी उघडली आणि त्यांत नारळ भरले, कुळीथ भरले, आंब्याचं लोणचं भरलं. फोटो पुण्याला जाऊन केवढा मोठा करायचा यावर मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. पुढल्या शिमग्याची रजा आत्ताच मागून ठेवतो, असंही तो म्हणाला. मी माझा जिना चढून वर जात होते. जागा शोधायची नव्हती, म्हणून मीही गाणं गुणगुणत होते. पडवीत उभा राहून तो बायकोशी फोनवर बोलत होता.

"अगं नाही, आई येत नाहीये." पलीकडून काहीतरी विचारलं असणार. "छे, छे, तब्येत ठणठणीत आहे. रुसलेली पण नाही." पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. तो हसू दाबत म्हणाला, "तिला वेळ नाहीये."

स्वयंपाकघरातून काकींचा खणखणीत आवाज आला, "मे महिन्यात चार दिवस जमवते म्हणावं! पण आधी कळवायला सांग!"